फियाटचा सायलेन्सर बदलू, की आहे तोच आवाज राहू दे?

बोनेटवाला (धागाकर्ता)
बाबांनी 1969 साली घेतलेली फियाट 1100 डिलाइट अजून चालू आहे. आमच्या गिरगावातल्या वाडीत उभी असते, दर रविवारी सकाळी सहाला मरीन ड्राइव्हपर्यंत जाऊन परत. बारा-तेरा वर्षांपूर्वी सायलेन्सर गंजून गळून पडला, तेव्हा गॅरेजवाल्याने आत जाळीचा सरळ पाइप असलेला जाडजूड डबा वेल्ड करून दिला. तेव्हापासून गाडी गुरगुरते. मला आवडतं. परवा पहिल्या मजल्यावरच्या वहिनी खाली येऊन म्हणाल्या, "भावजी, तुमची गाडी सुरू झाली की आमच्या मांडणीवरचे पेले वाजतात." मोबाइलवरच्या ॲपने मोजलं तर 84 डेसिबल. वाडीत ढोल वाजतात तेव्हा कोणी मोजत नाही. माझं मत: बदलू नये. जुन्या गाडीला तिचा आवाज हवाच. तुम्हाला काय वाटतं?

चर्नीरोड स्लो
अजिबात बदलू नका! 2023 च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी (फियाटचंच पुढचं नाव) रस्त्यावरून गेली, त्यानंतर या शहरात फियाट ऐकू यायची ती तुमच्यासारख्यांच्याच कृपेने. रविवारचे पाच मिनिटं कोणाला जड होतात? समोर डंपर रिव्हर्स घेतो तेव्हा वहिनी कुठे असतात?

गंजलेला नट
असहमत, आणि जरा सविस्तर असहमत.

तुम्ही जपताय तो आवाज फियाटचा नाहीच, तो त्या वेल्डरचा आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी बाहेर पडायची तेव्हा 1089 सीसीचं ते इंजिन शिलाई मशीनसारखं चालायचं. जुन्या लोकांना विचारा, शेजारी बसून हळू आवाजात भांडता यायचं. टॅक्सीचा जो आवाज लोकांच्या कानात आहे तो बऱ्याचदा डिझेलचा, नंतर सीएनजीचा. त्याचा तुमच्या पेट्रोल गाडीशी संबंध नाही.

दुसरं, पहिला सायलेन्सर का सडला ते समजून घ्या. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन पाइपातून निघतं. गाडी लांब पळाली तर डबा तापतो आणि ते बाहेर पडतं. तुमची फेरी गिरगाव ते मरीन ड्राइव्ह! डबा तापायच्या आत तुम्ही घरी. पाणी आतच बसतं, डबा आतून खातं. बाहेरून रंग लावून उपयोग नाही.

सरळ पाइपने पिकअप वाढतो हा गॅरेजवाल्यांचा लाडका समज. चाळीसेक हॉर्सपॉवरच्या इंजिनाला रुंद पाइप दिला की धुराचा वेग मंदावतो आणि खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरत असताना, ओढ कमी होते. चौपाटीवरून तीनबत्तीला चढताना स्टिअरिंगजवळचा दांडा ओढून लवकर सेकंड टाकावा लागतो का? मग उत्तर मिळालं.

चर्नीरोड स्लो
नटसाहेब, तांत्रिक झालं, पण माणसाला तो आवाज ऐकून बाबा आठवतात त्याचं काय?

गंजलेला नट
बाबांनी तो आवाज ऐकला तरी होता का, हे धागाकर्त्यांनी सांगावं.

तळमजला
मी पण वाडीतलीच, दुसऱ्या. ॲपचे 84 विसरा. चार सिलेंडरचं इंजिन आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) आठशे आरपीएमवर असेल तर सेकंदाला सत्तावीस-एक ठोके पडतात. हा इतका खालचा सूर असतो की डेसिबल मोजण्याची नेहमीची पद्धत तो कमी धरते, पण खिडकीची काच, मांडणी, पेले मात्र तो बरोबर धरतात. वहिनींचे पेले ॲपपेक्षा खरे बोलतायत. आणि निवासी भागात दिवसा 55, रात्री 45 ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. तुम्ही सहाला निघता म्हणता, पण गाडी गरम करायला पावणेसहालाच सुरू करत असाल. मला माहीत आहे, कारण आमच्या वाडीतही असे एक काका आहेत. गणपतीचे ढोल दहा दिवस असतात हो, रविवार बावन्न!

पेन्शनर
कायद्याचं थोडं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) मध्ये ध्वनिप्रदूषणाचं मानक मोडलं तर दहा हजारांपर्यंत दंड बसू शकतो, 2019 च्या दुरुस्तीनंतर. 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीही आहे: फी वीस हजार, दहा वर्षांसाठी, नंबरात व्हीए अक्षरं. चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेला नको अशी अट आहे, सायलेन्सर त्यात येत नाही. पण तो नंबर घेतलात तर गाडी रोजच्या वापराला नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल-दुरुस्ती एवढंच. दर रविवारची मरीन ड्राइव्ह त्यात कशी बसवणार ते तुम्ही बघा.

(हौशी लोक विंटेज म्हणजे 1930 पर्यंतची गाडी म्हणतात, 1969 च्या गाडीला क्लासिक. पण सरकारी व्याख्या वेगळी. चालायचंच.)

बोनेटवाला
बाबा 2004 ला गेले. डबा बारा-तेरा वर्षांपूर्वीचा. नटसाहेब, गप्प केलंत.

पण स्टेनलेसचा करू का? आयुष्यभर गंजणार नाही म्हणतात. आणि ॲक्सिलरेटर सोडला की मागून फट-फट होतं, ते पण त्या डब्यामुळेच का?

गंजलेला नट
स्टेनलेस टिकतो, पण पातळ पत्र्याचा असेल तर किणकिण आवाज करतो. नेहमीच्या लोखंडी पत्र्याचा, आत बॅफल (आवाज अडवणारे पडदे) असलेला, जुन्या मापाचा बनवून घ्या. मूळ डब्याचा एखादा नमुना हाती लागला तर तोच न्या. फोटोवरून माप सांगू नका. पाणी निथळायला खालच्या बाजूला बारीक भोक मागून घ्या, बरेच जण विसरतात.

फट-फट मात्र बहुधा गळतीचं. कुठेतरी बाहेरची हवा आत शिरते आणि न जळलेलं पेट्रोल पाइपात पेटतं. गाडी थंड असताना सुरू करा, मागच्या तोंडावर जाड फडकं दाबून धरा. इंजिन घुसमटून बंद पडायला आलं तर लाइन घट्ट. मजेत चालत राहिलं तर गळती आहे, वाकून ऐका, फुसफुस सापडेल. मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटजवळ, म्हणजे सांध्यातल्या पट्टीजवळ, सापडली तर आधी ते करा, आवाज नंतर. जुन्या फियाटच्या फायरवॉलमधली (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातली) रबरं वाळून गेलेली असतात, तिथून कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येतो. त्याला वासही नाही.

चर्नीरोड स्लो
एवढी भीती घालू नका राव. काचा उघड्या ठेवून चालवतात ते. माझं मत तेच: डबा ठेवा, फक्त गॅस्केट बदला.

बोनेटवाला
आत्ताच जुन्या पंच्याची घडी दाबून आलो. इंजिन आरामात चालू. फुसफुस डाव्या बाजूने, मॅनिफोल्डपाशीच. शनिवारी दुरुस्तीला कुर्ल्याला जातोय. वहिनींना सांगितलं, तर म्हणाल्या, "मग या रविवारी गाडी काढणार नाही ना?"