हॅवलॉकची संध्याकाळ: डीजे, अंधार की आणखी काही?

सांजवारा

अंदमानहून परत आलेल्या मंडळींची एक तक्रार हमखास ऐकू येते. हॅवलॉक सुंदर आहे, पण संध्याकाळी सहानंतर करायचं काय? राजधानीत (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर, २०२४ पासून श्री विजयपुरम) निदान सेल्युलर जेलचा लाइट अँड साउंड शो असतो. हॅवलॉकला म्हणजे स्वराज द्वीपला आणि नीलला म्हणजे शहीद द्वीपला तेही नाही. मग सूचना येतात: किनाऱ्यावर डीजे लावा, फायर शो ठेवा, रात्रबाजार भरवा. माझं मत असं की किनाऱ्यावर यातलं काहीही नको, आणि ते का नको हे मला नीट मांडायचं आहे.

ही रिकामी संध्याकाळ मुळात येते घड्याळामुळे. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. हॅवलॉक ९३ अंशांवर, मुंबई ७३ च्या जरा अलीकडे. म्हणजे दोन्हीकडे घड्याळ एकच, पण सूर्य तिथे जवळपास ८० मिनिटं पुढे. डिसेंबरात मुंबईत सहाला मावळणारा दिवस हॅवलॉकला पाचच्या सुमारास संपतो. सगळे राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त बघायला जातात. अंधार पडायला लागला की रक्षक शिट्ट्या मारून किनारा रिकामा करतात. त्याला कारणही आहे: २०१० मध्ये राधानगरजवळ मगरीच्या हल्ल्यात एका परदेशी पर्यटक तरुणीचा जीव गेला होता. साडेपाच-सहाला माणूस खोलीवर परततो, जेवण आठला. तक्रार आहे ती या मधल्या दोन-अडीच तासांची.

आता या वेळात तिथे काय असतं ते बघा. राधानगर पश्चिमेकडे तोंड करून आहे, पण बहुतेक हॉटेलं पूर्वेच्या किनाऱ्यावर, गोविंदनगर-विजयनगरच्या बाजूला आहेत. पौर्णिमेला तिथे दिवेलागणीच्या वेळी चंद्र थेट समुद्रातून वर येतो. आपल्या सबंध कोकण किनाऱ्यावर हे दृश्य नशिबी नाही. आपला समुद्र पश्चिमेला, आपल्याकडे चंद्र पहाटे समुद्रात बुडतो आणि तेव्हा आपण झोपलेले असतो. हजारो रुपये मोजून एवढ्या लांब जायचं आणि नेमक्या त्या वेळी फ्लडलाइटखाली रिमिक्स ऐकत बसायचं, हे मला पटत नाही.

आणि ते बेट कुणाचं आहे? पन्नासच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना तिथे वसवलं. त्यांची मुलं-नातवंडं आज नारळ-सुपारी, भात, मासेमारी आणि आता पर्यटन यांवर जगतात. मासेमारीला पहाटे निघायचं, तर नऊला निजावं लागतं. स्पीकरचा आवाज हॉटेलच्या कुंपणाशी थांबत नाही.

---

वाटाड्या

सांजवारा ताई, तुमचं लिखाण आवडलं, मत पटलं नाही. मी सहल कंपनीत टूर लीडर आहे, अंदमान माझा नेहमीचा रूट.

शांतता कुणाला झेपते? ज्याला पुस्तक घेऊन तासन्‌तास बसायची सवय आहे त्याला. माझ्या ग्रुपमध्ये निवृत्त शिक्षक असतात, गुडघ्यांची ऑपरेशनं झालेल्या आजी असतात, सात-आठ वर्षांची पोरं असतात. ओहोटी लागली की त्या पूर्वेच्या किनाऱ्यावर प्रवाळाचे तुकडे उघडे पडतात. अंधारात तिथे आजींना चालवायचं? पोरांना खोलीत मोबाइल देऊन बसवायचं? या लोकांनी वर्षानुवर्षं पैसे साठवलेले असतात. बहुतेकांना सेल्युलर जेल बघायची असते. सावरकरांची कोठडी बघताना माणसं ढसाढसा रडतात. दुसऱ्या दिवशी हॅवलॉकला आल्यावर त्यांना जरा हसायचं असतं, एकत्र बसायचं असतं. मी हॉटेलच्या डायनिंग हॉलमध्ये हाउजी घेतो, अंताक्षरी घेतो. एका हॉटेलवाल्याने तेही बंद करायला सांगितलं, कारण परदेशी पाहुण्यांना त्रास होतो म्हणे. माझ्या लोकांनी पैसे कमी दिले होते का?

लक्षद्वीपकडे बघा. मिनिकॉयचा लावा नाच पाहुण्यांपुढे होतो. मालदीवमध्ये बोडुबेरू, म्हणजे त्यांचे मोठे ढोल, संध्याकाळी वाजतात. त्यामुळे तिथली शांतता बुडाली नाही आणि स्थानिक कलाकारांच्या हाती चार पैसे पडतात. हॅवलॉकच्या बंगाली वस्तीत गाणारी-वाजवणारी माणसं नाहीत का? सात ते नऊ, बंद सभागृहात, ठरावीक आवाजात कार्यक्रम झाला तर कुणाचं काय बिघडतं?

---

मोरजेकार

वाटाड्याभाऊ, तुमच्या आजींबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण मी गोव्याचा, मोरजीचा. "ठरावीक आवाजात" हे शब्द मी लहानपणापासून ऐकतोय.

सुरुवात नेहमी साधीच असते. एका शॅकवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलात, एकजण गिटार घेऊन बसतो, ते सगळ्यांनाच आवडतं, मलाही आवडायचं. शेजारच्या शॅकचं गिऱ्हाईक तिकडे वळतं, म्हणून तो स्पीकर आणतो. तिसरा दोन आणतो. पाच-सात वर्षांत गाणं कुणी ऐकतच नाही, फक्त बेस छातीत धडधडतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत: रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. तरीही हणजूण-वागातोरच्या लोकांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. म्हातारी माणसं, परीक्षेची मुलं, सगळ्यांनी ते सोसलंय.

मोरजीला कासवं अंडी घालायला येतात. मांद्रे, आगोंद, गालजीबागलाही येतात. पिल्लू वाळूतून वर आलं की क्षितिजाच्या उजळ बाजूला धावतं. पूर्वी ती बाजू समुद्राची असायची. मागे हॉटेलांचे दिवे लागले तर ते उलट, रस्त्याकडे येतं. मी अशी पिल्लं टोपलीत घालून पाण्यापर्यंत नेलेली आहेत, तेव्हा हे मला कुणी सांगायला नको. अंदमानात तर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांबरोबर लेदरबॅक हे प्रचंड कासवसुद्धा येतं, आणि त्यांचा अंडी घालायचा हंगाम व पर्यटकांचा हंगाम एकच, हिवाळ्याचा. एकदा मोठे दिवे आणि स्पीकर बसले की ते काढणं महाकठीण. हॅवलॉकने आमच्याकडे बघून शहाणं व्हावं.

---

मीही_भटकी

इथे कुणीच न बोललेला मुद्दा मांडते.

मी आणि माझी मैत्रीण दोघीच हॅवलॉकला गेलो होतो, स्कूटर भाड्याने घेतली होती. विजयनगरच्या बाजूने गोविंदनगरच्या बाजारात जेवायला जायचं तर रस्त्यावर लांबलांब टप्प्यांत दिवा नाही. कुणी त्रास दिला नाही, गावातले लोक फार चांगले आहेत. पण सहा वाजता मिट्ट काळोख, रस्त्याला चिटपाखरू नाही, मोबाइलला रेंज जेमतेम, अशा वेळी बाईच्या मनात काय चालतं ते "अंधार किती सुंदर" म्हणणाऱ्यांनी विचारात घ्यावं. आम्ही दोन्ही संध्याकाळी खोलीत बसून काढल्या. अंधार आम्हालाही हवा होता, पण त्यात बाहेर पडायची हिंमत होईना.

माणसांची जाग असली की बायका बाहेर पडतात. म्हणून मला रात्रबाजार हवा आहे. डीजे गेला खड्ड्यात. मासे तळणारी चार दुकानं, शिंपल्यांच्या ऐवजी नारळाच्या करवंटीच्या वस्तू विकणाऱ्या बायका, बसायला बाकं, आठ-साडेआठपर्यंत वर्दळ. मोरजेकार, गोव्याचं दुःख खरं आहे, पण म्हणून दुसऱ्या बेटावरच्या प्रत्येक दिव्याला विरोध करू नका.

---

सांजवारा

मीही_भटकी, हा मुद्दा बिनतोड आहे. रस्त्यावर दिवे हवेत. ते खांबाच्या उंचीवरून समुद्रावर प्रकाश फेकणारे पांढरे एलईडी नसावेत एवढंच. गुडघ्याच्या उंचीचे, वरून झाकलेले, पिवळट रंगाचे दिवे रस्त्यापुरते पुरतात आणि कासवांनाही त्यांचा जाच कमी होतो. किनाऱ्यावरच्या डीजेबद्दल मात्र मी तसूभरही हलणार नाही.

---

निळंपाणी

नोकरीमुळे काही वर्षं श्री विजयपुरमला राहतो, हॅवलॉकला कामासाठी जाणं-येणं असतं. दोन्ही बाजूंनी तिथल्या काही गोष्टी लक्षात घेतलेल्या दिसत नाहीत.

पहिली, दिवस फक्त लवकर संपत नाही, लवकर सुरूही होतो. मे-जूनमध्ये पाचच्या आत सूर्य वर. हॅवलॉकचं नाव जगात झालं ते स्कूबामुळे, आणि डायव्हिंगच्या बोटी सकाळी लवकर सुटतात. रात्री उशिरापर्यंत पिऊन-नाचून सकाळी पाण्याखाली जाणं धोक्याचं आहे, चांगला प्रशिक्षक अशा माणसाला बोटीत घेत नाही. मुंबईचं घड्याळ मनातून काढून आठला झोपा, साडेचारला उठा. पूर्वेच्या किनाऱ्यावर सूर्योदय तुमच्या खोलीसमोर आहे. आसामच्या चहामळ्यांत याच कारणाने "बागान टाइम" एक तास पुढे ठेवतात. मालदीवची काही रिसॉर्टंही आपलं घड्याळ तासभर पुढे करतात, म्हणजे पाहुण्याला संध्याकाळ मोठी वाटते.

दुसरी, हॅवलॉकला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठं रुग्णालय नाही. रात्री दारू पिऊन कुणी पाण्यात उतरला आणि काही झालं, तर त्या वेळी प्रवासी बोट नसते. गंभीर रुग्णाला राजधानीत हलवणं म्हणजे काय कसरत असते ते मी जवळून बघितलंय. नाइटलाइफ मागणाऱ्यांनी आधी या प्रश्नाचं उत्तर द्यावं.

तिसरी गोष्ट सांजवारा ताईंसाठी. "काहीच नको" असं तुम्ही म्हणता तेव्हा गावातल्या पोरांच्या कमाईचं काय? सध्या तिथे रात्रीच्या कयाकला, म्हणजे अरुंद छोट्या होडीतल्या सफरीला, चांगली मागणी आहे. वल्ही मारत खारफुटीच्या खाडीत जायचं, मग गाइड सगळ्यांना मोबाइल बंद करून शांत बसायला लावतो. डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात. मग वल्हं फिरवलं की पाण्यात निळसर ठिणग्या उडतात. हात बुडवून वर काढला की क्षणभर मनगटावरचे थेंबसुद्धा चमकतात. पाण्यातले सूक्ष्म जीव ढवळले गेले की असा प्रकाश देतात. अमावस्येच्या आसपास हे उत्तम दिसतं, पौर्णिमेला जवळजवळ नाहीच. गाइड गावातलाच असतो. भरती-ओहोटीच्या वेळा आणि मगरीची शक्यता असलेल्या खाड्या त्याला ठाऊक असतात. ही करमणूकच आहे आणि ती अंधारावर चालते. किनाऱ्यावर फ्लडलाइट लागले तर पहिला धंदा या मुलांचा बसेल.

---

वाटाड्या

निळंपाणी, कयाक उत्तम, पण माझ्या आजी कयाकमध्ये बसणार नाहीत. शिवाय अंदमानला नैऋत्य आणि ईशान्य असे दोन्ही पाऊस लागतात, वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर. मे ते नोव्हेंबर धो-धो पाऊस असताना कुठला चंद्र आणि कुठल्या ठिणग्या? सभागृहाची मागणी मी त्यासाठीच करतोय. निसर्गप्रेमींनी आमच्या हाउजीकडे तुच्छतेने बघू नये.

---

व्याध

आकाश बघायला कयाक लागत नाही आणि गुडघेही लागत नाहीत. हॉटेलच्या हिरवळीवर खुर्च्या मांडा, दिवे अर्धा तास बंद करा. हॅवलॉक १२ अंश उत्तरेला, म्हणून दक्षिणेचं आकाश पुण्यापेक्षा सहा-साडेसहा अंशांनी वर उचललेलं असतं. जानेवारीअखेर रात्री साडेनऊच्या सुमारास अगस्तीचा तारा क्षितिजावर २५ अंश चढलेला असतो. एप्रिलच्या शेवटी त्याच वेळी त्रिशंकू हा तारकासमूह दिसतो; पुण्यात तो इमारतींमागे आणि धुरकटात हरवतो. वाटाड्यादादा, तुमच्या निवृत्त शिक्षकांतला एखादा भूगोलाचा असेल, त्याच्या हाती हा तास सोपवा. वीज तिथे मुख्यतः डिझेल जनरेटरवर बनते, तेवढं डिझेलही वाचेल. पावसाळ्याचं मात्र तुमचं म्हणणं मान्य, तेव्हा सभागृह हवंच.

---

मोरजेकार

बंद सभागृह, आवाज बाहेर नाही, नऊला समाप्त, याला माझा विरोध नाही. पण परवान्यात ते लिहून घ्या, आणि तो रद्द करायचा अधिकार पंचायतीला द्या. तोंडी आश्वासनावर गोव्यात फार काही गेलंय.

---

वाटाड्या

लेखी अटीला माझी तयारी आहे. व्याध, तारे बघायचा कार्यक्रम हिवाळ्यातल्या ग्रुपला ठेवून बघतो. डीजेची मागणी माझी कधीच नव्हती. पण सांजवारा ताई, हॉटेलच्या अंगणात, सौम्य आवाजात, माइकशिवाय अंताक्षरी झाली तर तीही तुम्हाला नको का?

---

सांजवारा

माइक नसेल तर जरूर गा. माझी हरकत स्पीकरला आहे, गळ्याला नाही. रात्रबाजाराबद्दल अजून शंका आहे, कारण दुकानं किनाऱ्याकडे सरकत जातात.

---

निळंपाणी

म्हणून तो नवीन जागी भरवूच नये. गोविंदनगरचा बाजार जेट्टीजवळ, वस्तीच्या मधोमध आहे. तिथली दुकानं संध्याकाळी तशीही उघडी असतात. तीच वर्दळ वाढू द्यावी आणि तिथपर्यंतच्या रस्त्याला सांजवारा ताईंनी सांगितलेले ठेंगणे दिवे लावावेत.

---

मीही_भटकी

दिवे लागले तरी स्कूटर न चालवणाऱ्या बाईने परतायचं कसं? रिक्षावाले अंधार पडल्यावर मनाला येईल ते भाडं सांगतात. बाजार ते विजयनगर साडेआठपर्यंत दर अर्ध्या तासाला एक मिनीबस, तिकीट ठरलेलं, एवढी सोय झाली तर माझ्यापुरता संध्याकाळचा प्रश्न सुटेल. शोसाठी जो पैसा मागितला जातोय तो आधी या बसला द्या.