मदत हवी आहे: 'मोल्सवर्थ' हे आडनाव मूळचं कुठलं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवळणाचा आहे, पण इथे इतिहासवाले, इंजिनियर आणि विलायतेत राहणारे असे तिन्ही नमुने आहेत, म्हणून विचारते.

गेल्या महिन्यात आजोबांची लोखंडी ट्रंक उघडली. आजोबा रेल्वेत होते, रिटायर होऊन नाशिकला आले आणि तेव्हापासून ट्रंक माळ्यावर. आत दोन पुस्तकं मिळाली. एक म्हणजे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १९७५ चं पुण्याचं पुनर्मुद्रण. मागच्या पुठ्ठ्यातून वाळवी शिरली आहे आणि 'ह'पासून उलटी 'व'पर्यंत पोचली आहे. दुसरं पुस्तक तळहाताएवढं, पण विटेसारखं जाड. सगळी सूत्रं आणि कोष्टकं, तुळयांची वजनं, भिंतींच्या जाड्या. समासात आजोबांच्या बारीक पेन्सिलीच्या बेरजा. मुखपान उघडलं तर लेखक मोल्सवर्थ!

पहिल्या झटक्यात वाटलं, एकच माणूस. मग नीट वाचलं. कोशवाले जेम्स थॉमस मोल्सवर्थ, ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातले. सूत्रवाले गिल्फर्ड लिंडसी मोल्सवर्थ, अभियंते.

आता खरं सांगते, हसू नका. लहानपणी मला मोल्सवर्थ हे माणसाचं नाव आहे हेच माहीत नव्हतं. मोल म्हणजे किंमत, वर्थ म्हणजेही किंमत, तेव्हा शब्दाचं मोल सांगणारं पुस्तक ते मोल्सवर्थ, असा माझा चोख हिशेब होता.

या आडनावाचा खरा अर्थ काय? ते इंग्लंडच्या कुठल्या भागातलं? आणि इतकं दुर्मिळ आडनाव असेल तर हे दोघे एकाच घरातले का? आडनावांचे नकाशे दाखवणाऱ्या साइट पाहिल्या. एक म्हणते हंटिंगडनशर, दुसरी कॉर्नवॉल, तिसरी आयर्लंड. चौथीने अर्थ वगैरे काही सांगितला नाही, 'तुमच्या घराण्याचं' मानचिन्ह छापलेला मग विकायला काढला. माझं आडनाव मोल्सवर्थ नाही हे तिला सांगायची सोयही नव्हती.


नेनेकाठचा

गोदाकाठ ताई, मी पीटरबरोत राहतो. मोल्सवर्थ नावाचं गाव आमच्यापासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे. हंटिंगडनहून थ्रॅपस्टनकडे ए-१४ ने निघालात की वाटेत पाटी लागते. पहिल्यांदा दिसली तेव्हा बायकोला म्हटलं, अगं कोश! तिला वाटलं मी रस्ता चुकलो.

गाव म्हणजे आपल्याकडची एखादी वाडीच. ब्रिंग्टन आणि मोल्सवर्थ मिळून एक पॅरिश, म्हणजे चर्चभोवतीचा स्थानिक विभाग, आहे आणि दोन्हीची वस्ती जमेस धरली तरी शेकड्यांत मोजावी इतकीच. सेंट पीटरचं जुनं चर्च आहे, आत मध्ययुगातली भिंतीवरची चित्रं आहेत. गावाबाहेर विमानतळ. दुसऱ्या महायुद्धात इथून अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं उडायची. पुढे क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवायचं ठरलं तेव्हा शांततावाल्यांनी तळ ठोकला आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये संरक्षणमंत्री मायकल हेझल्टाइन स्वतः लष्करी जाकीट चढवून तो उठवायला हजर झाले. इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढच्या माणसाला मोल्सवर्थ म्हटलं की हे आठवतं. कोश कुणालाच नाही.

आता अर्थ. १०८६ च्या डोम्सडे बुकात, म्हणजे विजेत्या विल्यमने करून घेतलेल्या जमीन-मोजणीत, हे गाव 'मोलेसवर्दे' म्हणून येतं. 'वर्थ'चा किमतीशी काडीचा संबंध नाही. जुन्या इंग्रजीत वर्थ म्हणजे कुंपण घातलेली जागा, मग तशा जागेवरची वस्ती. वँड्सवर्थ, टॅमवर्थ, केनिलवर्थ, सगळे त्याच माळेतले. आणि पुढचा भाग 'मूल' या माणसाचा. मूल म्हणजे खेचर, म्हणजे बहुधा मिश्र आईबापांचा मुलगा. टोपणनाव वाटतं, पण राजघराण्यातही असायचं. केंटचा मूल नावाचा राजा ६८७ मध्ये कँटरबरीत जाळून मारला गेला. आपल्या गावचा मूल तो नव्हे, कुणी साधा शेतकरी असेल. त्यामुळे बिळं करणाऱ्या 'मोल' प्राण्यालाही यातून वगळा.


उंटावरचा

म्हणजे गाव मूलवाडी आणि कोशकार मूलवाडकर. एवढी वर्षं आपल्याच माणसाचा कोश वापरत होतो तर!


जुनी वही

उंटावरचा यांनी विनोद केला, पण किल्ली तिथेच आहे. मी काही वर्षं इंग्रज घराण्यांच्या नोंदी वाचायचा छंद पाळलाय, म्हणून थोडं लांबण लावते.

हे 'कर'वाल्यांचं आडनाव आहे. इंग्लंडात आडनावं पिढीजात होऊ लागली ती साधारण बाराव्या ते चौदाव्या शतकात. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव लावून काय उपयोग? सगळेच तिथले. माणूस बाहेर पडला की दुसऱ्या गावचे लोक त्याला मोल्सवर्थचा म्हणणार. म्हणून अशा आडनावाची माणसं मूळ गावात शोधू नका, त्या गावातून फुटलेल्या वाटांवर शोधा. तुम्हाला तीन साइटनी तीन पत्ते दिले, ते तिन्ही बरोबर आहेत. ते एकाच घराचे वेगवेगळ्या शतकांतले मुक्काम आहेत.

उमरावांच्या वंशावळीची पुस्तकं मूळपुरुष म्हणून सर वॉल्टर द मोल्सवर्थ देतात. हा पहिल्या एडवर्डबरोबर धर्मयुद्धाला गेला म्हणे. (आपल्या वंशावळी सूर्यापर्यंत पोचतात, त्यांच्या जेरुसलेमपर्यंत. चालायचंच.) त्या नावातला 'द' म्हणजेच आपला 'कर'.

पहिली मोठी फांदी कॉर्नवॉलची. पहिल्या एलिझाबेथच्या काळात जॉन मोल्सवर्थ डची ऑफ कॉर्नवॉलच्या, म्हणजे युवराजाच्या जहागिरीच्या, हिशेबाच्या कामावर तिकडे गेला. फडावरचा कारकून म्हणा. तो तिथेच रुजला आणि बॉडमिनजवळचं पेनकॅरो हे त्या घराण्याचं ठाणं झालं. १६८९ मध्ये बॅरोनेट ही पिढीजात पदवी मिळाली. याच घरातले सर विल्यम मोल्सवर्थ १८५५ मध्ये ब्रिटनचे वसाहतमंत्री झाले आणि काही महिन्यांतच वारले. पेनकॅरोच्या बागेत त्यांनी चिलीहून आणलेलं काटेरी सूचिपर्णी झाड लावलं. ते बघून एक पाहुणा म्हणाला, यावर चढताना माकडही बुचकळ्यात पडेल. इंग्रजीत त्या झाडाला 'मंकी पझल' म्हणतात ते तेव्हापासून, अशी कथा आहे.

दुसरी फांदी डब्लिनची. रॉबर्ट मोल्सवर्थ, जन्म १६५६, डेन्मार्कला राजदूत म्हणून जाऊन आला, आणि १७१६ मध्ये त्याला आयर्लंडच्या सरदारांत व्हायकाउंट केलं. डब्लिनमधली मोल्सवर्थ स्ट्रीट या घराण्याच्या जमिनीवरची.

आणि आता तुमची वीट. गिल्फर्ड मोल्सवर्थ (१८२८–१९२५) यांचे वडील जॉन एडवर्ड नसाऊ मोल्सवर्थ हे लँकशरमधल्या रॉचडेलचे व्हिकर, म्हणजे पॅरिशचे पाद्री, होते, आणि ते त्या पहिल्या व्हायकाउंटचे पणतू. तेव्हा आजोबांच्या बेरजांच्या समासाशेजारी जे नाव छापलंय ते थेट डब्लिनच्या फांदीचं. गिल्फर्ड आधी सिलोनच्या रेल्वेवर होते, मग १८७१ ते १८८९ हिंदुस्थान सरकारच्या रेल्वेचे सल्लागार अभियंता. ते छोटं पुस्तक आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत कित्येक पिढ्यांच्या खिशात राहिलं.

एक गंमत लक्षात घ्या. १८८१ च्या जनगणनेवरून काढलेल्या नकाशात लँकशरच्या बाजूला ठिपका दिसला की लोक लगेच ठरवतात, आडनावाचा उगम उत्तरेत. एखादा व्हिकर बदली होऊन आला, त्याला मुलं झाली, की तेवढ्यानेही ठिपका पडतो. दुर्मिळ आडनावाच्या नकाशात एका घराचं बिऱ्हाडसुद्धा वस्तीसारखं दिसतं.


उंटावरचा

मग क्रिकेटवाले इलिंगवर्थ? तेही वर्थच की.


जुनी वही

छान आठवण केलीत. इलिंगवर्थ हे गाव यॉर्कशरमध्ये हॅलिफॅक्सजवळ. रे इलिंगवर्थ पड्सीचे, पंच रिचर्ड इलिंगवर्थ ब्रॅडफर्डचे. म्हणजे आडनाव शेकडो वर्षांनी मूळ गावापासून फार तर एका बसच्या अंतरावर. कापडगिरण्यांच्या त्या पट्ट्यात ॲशवर्थ, बटरवर्थ, इलिंगवर्थ ही नावं जिथल्या तिथे फुगली, कारण मजूर घरं जवळच्या जवळ सरकली आणि पोरंबाळंही भरपूर. मोल्सवर्थ मात्र जमीनदार, पाद्री आणि सैन्याधिकाऱ्यांचं. ते लांब गेलं, आणि पसरलं तरी विरळच राहिलं.

मात्र एक खड्डा आहे. चेशरमध्ये मोल्ड्सवर्थ म्हणून वेगळं गाव आहे, चेस्टर-मँचेस्टर रेल्वेमार्गावर स्टेशनही आहे. त्यातला 'मोल्ड' म्हणजे टेकडीचा माथा, मूलशी संबंध नाही. जुन्या पॅरिश वह्यांत लिहिणारा कानाला येईल तसं लिहायचा, मधला 'ड' कधी पडला कधी राहिला. तेव्हा चेशर-लँकशरकडचा एखादा जुना, गरीब घरातला मोल्सवर्थ सापडला, तर तो हंटिंगडनशरचा धरू नका. आपल्याकडे वाडेकर आणि वाडकर एकच समजण्यासारखं होईल.

आणि तो मग घेऊ नका. इंग्लंडात मानचिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं, आडनावाला नाही.


शून्य शेष

विरळ का राहिलं याला गणितही आहे. आडनाव फक्त मुलांकडून पुढे जातं असं धरलं, तर प्रत्येक पिढीत काही ओळी नुसत्या योगायोगाने संपतात. १८७३ मध्ये फ्रान्सिस गाल्टनने नेमका हाच प्रश्न कोडं म्हणून छापला होता, मोठमोठी घराणी निर्वंश का होतात? उत्तर हेन्री वॉटसन या पाद्र्याने काढलं. आज ते अणूंच्या साखळी-अभिक्रियेपासून साथीच्या रोगांपर्यंत वापरतात. ज्या गावातून एकच घर बाहेर पडलं त्याचं आडनाव पहिल्या चार-पाच पिढ्यांत तरलं तर तरलं.


गोदाकाठ

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. अभियंत्याचं कोडं सुटलं. पण माझा जीव अडकलाय तो कोशवाल्यांत. जेम्स थॉमस यांचा जन्म १७९५ चा. ते कुठल्या फांदीचे, हे मूळ कागदावरून बघायचं तर नाशिकला बसून काय करता येईल?

आणि न्यूझीलंड? तिथेही बरीच मोल्सवर्थ दिसतात.


नेनेकाठचा

न्यूझीलंडात ती माणसं कमी आणि पाट्या जास्त. वेलिंग्टनला संसदेसमोरून जाते ती मोल्सवर्थ स्ट्रीट. जुनी वही यांनी सांगितलेल्या सर विल्यमचा भाऊ फ्रान्सिस तिथल्या सुरुवातीच्या गोऱ्या वसाहतवाल्यांपैकी. दक्षिण बेटावर मोल्सवर्थ स्टेशन नावाचं गुराढोरांचं रान आहे, सुमारे १,८०,००० हेक्टर, देशातलं सगळ्यात मोठं फार्म. शोधयंत्राला माणूस आणि कुरण यातला फरक कळत नाही.


जुनी वही

ताई, १७९५ म्हणजे सरकारी जन्मनोंदणी उपयोगाची नाही, ती इंग्लंड-वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. त्याआधी पॅरिशच्या वह्याच. आयर्लंडची फांदी निघाली तर आणखी पंचाईत, कारण १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्‌सला आग लागली त्यात तिथल्या असंख्य पॅरिश वह्या जळाल्या.

पण तुमच्या माणसाला दुसरी वाट आहे. कंपनीच्या सैन्यात कॅडेट म्हणून भरती होताना अर्जासोबत वयाचा पुरावा, बहुतेक वेळा बाप्तिस्म्याचा दाखला, जोडावा लागे. हे कॅडेटांचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. त्यात शिफारस कुणी केली तेही असतं, आणि फांदी ओळखायला कधीकधी दाखल्यापेक्षा तेच जास्त बोलतं. ब्रिटिश इंडियातल्या घराण्यांवर काम करणारी फिबिस नावाची हौशी मंडळींची संस्था आहे, तिची सूची घरबसल्या फुकट चाळता येते. आधी तिथे नाव टाका, संदर्भ क्रमांक मिळाला तर तो घेऊनच लायब्ररीला लिहा. नुसतं 'मोल्सवर्थ यांची माहिती द्या' असं लिहिलंत तर तुमच्या पत्राला कॉर्नवॉल दाखवतील.


नेनेकाठचा

क्रमांक मिळाला तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. लंडनला जाणं होतंच, वाचकाचं कार्ड आहे माझ्याकडे.


गोदाकाठ

करते नक्की. फिबिसवर खातं उघडलं, आज रात्री बसते.

जाता जाता एक. नेनेकाठचा यांनी वर्थ म्हणजे कुंपणाची जागा आणि मग वस्ती असं लिहिलं, तेव्हा उठून आजोबांचा कोश उघडला आणि 'वाडी' काढली. वाळवीचं भोक बरोबर त्याच पानातून गेलंय, 'वाडा'चा अर्धा अर्थ भुगा झालाय. 'वाडी' मात्र वाचता येते. पहिला अर्थ दिलाय कुंपण घातलेला कुरणाचा, शेताचा किंवा बागेचा तुकडा. दुसरा, शेतकऱ्यांच्या झोपड्यांचा पुंजका. त्याच क्रमाने.