दोन्हीकडे 'वुड' का चालत नाही?

प्रश्न: 'पैसे असते तर घर घेतलं असतं' याचं 'इफ आय वुड हॅव मनी, आय वुड बाय अ हाउस' केलं. चूक निघाली. का?

उत्तर १: मराठीत 'असतं' दोन्हीकडे येतं, म्हणून हात आपोआप दोनदा 'वुड' लिहितो. इंग्रजीत 'इफ'च्या बाजूला साधा भूतकाळ: 'इफ आय हॅड मनी'. रूप भूतकाळाचं, गोष्ट आजची.

उत्तर २: संधी हुकलीच असेल तर 'इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट'. दोन 'हॅड' ही छपाईची चूक नव्हे! मराठी वाक्य दोन्हींना चालतं. आधी 'आज' की 'तेव्हा' लावून बघा.

उत्तर ३: 'पाऊस आला तर' मात्र शक्यतेतलं. 'आला' बघून भूतकाळ नको. 'इफ इट रेन्स'.