शब्दचर्चा : मूत्रपिंडातला 'वण' आणि पेशींचे 'संकेत'

मूत्रपिंडाच्या जुनाट आजारावरच्या लेखाचं भाषांतर करते आहे आणि दोन शब्दांपाशी अडले आहे. फायब्रोसिसला (इजेनंतर अवयवात तंतूंचं ऊतक साचत जाणं) 'व्रण' म्हणावं की 'तंतुमयता'? आणि सिग्नलिंग रेणूंना, म्हणजे पेशींना निरोप पोचवणाऱ्या रेणूंना, काय म्हणावं? कच्च्या खर्ड्यात मी 'आज्ञा देणारे रेणू' लिहिलंय, ते खटकतंय.

प्रतिसाद :
'व्रण' नकोच. व्रण म्हणजे मुळात जखम. जठरव्रण ही उघडी जखमच असते. जखम भरल्यावर मागे उरतो तो वण, जसे देवीचे वण. हल्ली दोन्हींना सर्रास 'व्रण' लिहितात, पण इथे त्याने अर्थच उलटतो. मूत्रपिंडात जखम उघडी राहिलेली नसते, ती भरायचं काम थांबलेलं नसतं. 'तंतुमयता' अचूक आहे, पण ती स्थिती झाली. चालू असलेली क्रिया सांगायची तर जखम खपली धरते तसं 'मूत्रपिंड वण धरू लागतं' म्हणा.

प्रतिसाद :
'आज्ञा' खटकते ते बरोबर आहे. आज्ञेचा अर्थ देणारा ठरवतो, संकेताचा अर्थ घेणाऱ्यावरही अवलंबून असतो. वण धरण्यामागचा टीजीएफ-बीटा (ट्रान्सफॉर्मिंग ग्रोथ फॅक्टर-बीटा) हा रेणूच पाहा. तोच रेणू तंतुजनक पेशीला कोलॅजेन हे तंतूंचं प्रथिन बनवायला लावतो, मूत्रनलिकेच्या अस्तरपेशीची वाढ रोखतो आणि प्रतिकारपेशींना आवर घालतो. रेणू एक, अर्थ तीन! म्हणून 'संकेतरेणू'च हवा. त्याच्या इंग्रजी नावात 'वाढ' आहे, कारण सुरुवातीच्या प्रयोगांत उंदराच्या मूत्रपिंडातल्या निरोगी पेशी त्याच्यामुळे कर्कपेशींसारख्या वाढताना दिसल्या. त्यामुळे 'वृद्धिघटक' असं शब्दशः भाषांतर केलंत तर एक तळटीप द्याच.

मूळ प्रश्नकर्ती :
'वण धरणं' घेते. 'संकेत'ही पटला. मग टीजीएफ-बीटाला 'घातक रेणू' म्हणावं का? मूळ लेखात तसा सूर आहे.

प्रतिसाद :
कृपा करून नको. हा रेणू तयार करणारं जनुकच काढून टाकलेले उंदीर जन्मानंतर काही आठवड्यांत अंगभर दाह होऊन मरतात. संकेत वाईट नाही, तो थांबत नाही हे वाईट. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, अँजिओटेन्सिन-२ (रक्तदाब वाढवणारं संप्रेरक) यांच्यामुळे इजा चालू राहते, म्हणून तोही चालू राहतो. अँजिओटेन्सिनला अडवणारी औषधं मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतात, त्यामागे रक्तदाब उतरण्याखेरीज हा संकेत कमी होणं हेही एक कारण मानलं जातं. 'रेंगाळणारा संकेत' कसा वाटतो?

मूळ प्रश्नकर्ती :
'रेंगाळणारा' थोडा आळशी वाटतो, हा तर सतत काम करतो. 'न थांबणारा' ठेवते. वाक्य असं झालं : 'इजा संपत नाही तोवर संकेतही थांबत नाही, तंतुजनक पेशी कोलॅजेन रचत राहतात आणि मूत्रनलिकांच्या मधल्या जागेत मूत्रपिंड वण धरत जातं.'