सरकारी बँकेची नोकरी सोडावी का?

शाखेतली
मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी बँकेत अधिकारी आहे. २०१७ ला लागले. काम मनापासून आवडायचं. पीककर्ज नवं-जुनं करायला आलेल्या शेतकऱ्याला व्याजाचा हिशेब कितीदाही समजावून सांगायची माझी तयारी असायची.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये लाडकी बहीणचे पैसे यायला लागले आणि शटर उघडायच्या आधीपासून बायकांची रांग. कुणाचं आधार जोडलेलं नाही, कुणाचे पैसे भलत्याच खात्यात. आम्ही तिघं. आणि संध्याकाळी वरिष्ठांच्या व्हिडिओ कॉन्फरन्सवर एकच प्रश्न, आज विम्याच्या पॉलिसी किती विकल्या? आम्हा तिघांतल्या एकाने राजीनामा दिला. त्याच्या जागी कुणी आलं नाही, त्याचं टेबल माझ्याकडे आलं.

आता रविवारी संध्याकाळीच पोटात गोळा येतो. पहाटे तीनला जाग येते. काउंटरवर एखादी आजी बोलत असते, तिचे ओठ हलताना दिसतात, पण शब्द डोक्यात शिरत नाहीत. राजीनामा लिहून ठेवलाय. देऊ का?

निवृत्त शाखाधिकारी
ताई, आधी रजेचा अर्ज लिहा. "तुम्ही गेल्यावर शाखा कोण बघणार?" असं ऐकवतील. त्यांना रिझर्व्ह बँकेचा सक्तीच्या रजेचा नियम दाखवा. संवेदनशील पदावरच्या माणसाला वर्षातून एकदा, आधी न कळवता, सलग किमान १० कामकाजाचे दिवस रजेवर पाठवायचंच आहे. नियम घोटाळे पकडण्यासाठी केलाय, पण एक माणूस दहा दिवस नसला तरी बँक चालते हे त्यात गृहीतच धरलंय. मग तुमच्याच रजेला का अडावं? माणसं न भरता टार्गेट वाढवत राहिले की एकाच्या राजीनाम्यामागे दुसऱ्याचा येतोच. हा तुमचा कमकुवतपणा नाही.

माजी बँकर
मी सोडली, पस्तावलो नाही. पण झोप जागेवर यायला बरेच महिने लागले, तेव्हा राजीनाम्याने लगेच बरं वाटेल असं धरू नका. पाच वर्षं झालीत, ग्रॅच्युइटी मिळेल. एनपीएसचा, म्हणजे पेन्शन खात्याचा, प्रान नंबर नोकरी सोडली तरी तोच राहतो. स्टाफ दराचं, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीच्या सवलतीच्या व्याजाचं, गृहकर्ज असेल तर आधी विचारून घ्या. राजीनाम्यानंतर बहुतेक ठिकाणी व्याजदर बदलतो, हप्ता अंगावर येतो.

समुपदेशक
जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात बर्नआउट हा आजार म्हणून नाही, कामाच्या न आवरलेल्या ताणातून आलेली अवस्था म्हणून आहे. खुणा तीन: शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं, आपल्याकडून काही नीट होत नाही असं वाटणं. आजीचे शब्द न पोहोचणं ही दुसरी खूण असू शकते. रजेत काही दिवसांनी मन हलकं झालं, तर मूळ बहुधा कामात आहे. घरीही काही नकोसं वाटलं, पहाटेची जाग तशीच राहिली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटाच, ते नैराश्य असू शकतं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येतं.

शाखेतली
रजेचा अर्ज दिला. गृहकर्ज स्टाफ दराचंच आहे, हे डोक्यातच नव्हतं. नवरा नाशिकला आहे, त्या आधारावर बदली मागता येते का?

निवृत्त शाखाधिकारी
येते. महिला कर्मचाऱ्यांना शक्यतो नवऱ्याच्या गावी नेमावं, असं अर्थ मंत्रालयाने २०१४ मध्येच सरकारी बँकांना कळवलंय. विनंती बदलीच्या अर्जाला नवऱ्याच्या कार्यालयाचं पत्र जोडा, पोच घ्या आणि ऑफिसर्स असोसिएशनच्याही कानावर घाला.