एचआयव्हीत सीडी४ दोनशेच्या खाली असेल तर क्रिप्टोकॉकस या बुरशीची तपासणी डोकं दुखण्याआधीच व्हावी – तुमचं मत?

सातरस्ता (धागाकर्ता)

एचआयव्हीच्या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात, वेळेवर घेतल्या की माणूस संसार सांभाळून म्हातारा होतो. हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. माझं म्हणणं त्यांच्याबद्दल आहे जे पार उशिरा येतात. वजन उतरलेलं, तोंडात पांढरा थर, सीडी४ (एचआयव्ही मारतो त्या रक्तातल्या संरक्षक पेशींचा आकडा) चाळीस-पन्नास. काही नव्याने सापडलेले असतात, काही मधेच गोळ्या सोडून ऊसतोडीला किंवा ट्रकवर गेलेले. सीडी४ दोनशेच्या खाली गेला की त्याला 'प्रगत एचआयव्ही आजार' म्हणतात.

अशा माणसाला क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी गाठते. ती मातीत असते, कबुतरांच्या विष्ठेत असते, श्वासावाटे आपल्या सगळ्यांच्याच आत जाते. धडधाकट शरीर तिला दाबून ठेवतं. सीडी४ शंभरच्या खाली घसरला की तीच रक्तातून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचते. सुरुवात साध्या डोकेदुखीने होते. आपल्याकडे सोलापुरात यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा माणूस म्हणतो, मागाच्या खडखडाटाने डोकं धरलंय. मेडिकलमधून गोळी घेतो, पुन्हा पाळीवर जातो. आठ-पंधरा दिवसांत उलट्या, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, मग बरळणं. घरचे रिक्षात घालून आणतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. जगभरात एड्सने होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळपास पाचातला एक या मेनिंजायटिसने, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या सुजेने, होतो.

आणि याची खूण रक्तात कित्येक आठवडे आधीच दिसते! म्हणून माझी मागणी एकच: सरकारी असो की खाजगी, सीडी४ दोनशेच्या खाली आला की त्याच नळीतल्या रक्तावर क्रिप्टोकॉकल अँटिजेनची, म्हणजे याच खुणेची, पट्टी लावा. वेगळी चिठ्ठी नको, वेगळी फेरी नको.

अक्कलकोट_नाका

भावना कळते, पण पटत नाही. या रुग्णांना सगळ्यात जास्त मारतो तो टीबी. आपल्याकडे विडी, कापूस, दाटीवाटीची घरं, टीबीला काय कमी आहे? जो पैसा, जो माणूस आहे तो तिकडे लावा. सीडी४ शंभरच्या खाली असलेल्या शंभरात साधारण सहा जणांना हे अँटिजेन सापडतं, म्हणजे चौऱ्याण्णव पट्ट्या 'काही नाही' सांगायला. तुम्ही तर दोनशेपर्यंत जायचं म्हणताय, तिथे प्रमाण आणखी कमी.

दुसरं, २०१७ पासून आपल्याकडे सीडी४ कितीही असला तरी लगेच औषध सुरू करतात. धोरण चांगलंच आहे, पण त्यामुळे 'सीडी४ची काय घाई' ही वृत्ती आली. सीडी४च वेळेवर होत नसेल तर तुमची पट्टी लावायची कोणाला?

सातरस्ता

सीडी४चा मुद्दा शंभर टक्के मान्य. तो पाया आहे, तो आधी मागू या. पण टीबी विरुद्ध बुरशी अशी कुस्ती का लावायची? सुई एकदाच टोचायची आहे. टांझानिया आणि झांबियात या उशिरा येणाऱ्यांवर मोठी चाचणी झाली, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला नेहमीची सेवा; दुसऱ्याला क्रिप्टोकॉकसची तपासणी आणि सुरुवातीचे काही आठवडे घरी जाऊन विचारपूस. दुसऱ्या गटात मृत्यू २८ टक्क्यांनी कमी. टीबीची तपासणी दोन्ही गटांत होती.

पट्टीवाला

प्रयोगशाळेत काम करतो म्हणून लिहितो. लोकांना वाटतं मोठं मशीन लागतं. तसं नाही. छोट्या नळीत द्रावणाचा एक थेंब, त्यात सीरम (रक्तातला पातळ भाग), त्यात पट्टी उभी करायची, दहा मिनिटं थांबायचं. एक रेघ म्हणजे नाही, दोन रेघा म्हणजे आहे. गरोदरपणाची पट्टी वाचता येते त्याला हीही येते. दक्षिण आफ्रिकेत सीडी४ शंभरच्या खाली आला की प्रयोगशाळाच उरलेल्या रक्तावर ही तपासणी करते, डॉक्टरने लिहायची वाट बघत नाही. २०१६ पासून देशभर.

मात्र प्रत्येक तालुक्याला पट्ट्यांचा डबा द्या म्हणाल तर विरोध करीन. करमाळ्यात, मंगळवेढ्यात असे रुग्ण किती येणार? पट्ट्या मुदत संपून कचऱ्यात जातील. सीडी४ जिथे होतो तिथेच हेही होऊ द्या.

विडीघरकुल

मी आकडे मांडणार नाही. आमच्या नात्यातल्या माणसाला हाच आजार झाला होता, शेवटपर्यंत पळापळ मी केली. पट्टीवर दोन रेघा आल्या, पुढे काय हो? पाठीच्या मणक्यातून पाणी काढायचं म्हटल्यावर घरातली माणसं उठून गेली. पाणी काढलं की पाय जातात, असंच सगळे सांगत होते. मग अँफोटेरिसिन, बुरशीवरचं इंजेक्शन. साधं मिळालं, त्याने थंडी भरून हुडहुडी, किडनीचे रिपोर्ट बिघडले, पोटॅशियम उतरलं. ज्याला त्रास कमी तो त्याचाच लायपोसोमल प्रकार, ते बाहेरून आणायचं तर घर विकायची पाळी. फ्लुसायटोसिन नावाची बुरशीवरची गोळी तर नावालाही मिळाली नाही. औषधाचा पत्ता नसताना तपासणी करणं म्हणजे गरिबाला नुसती भीती घालणं. आधी औषध आणा, मग पट्टी लावा.

सातरस्ता

ताई/दादा, तुम्ही जे भोगलं त्यावर वाद घालायचा नाही. औषधाची मागणी तपासणीइतक्याच मोठ्या आवाजात व्हायला हवी. पण तुमच्या नात्यातल्या माणसाला मेनिंजायटिस झाल्यावर आजार सापडला. डोकं दुखायच्या आधी सापडला असता तर?

लक्षण नाही, रक्तात अँटिजेन आहे, मणक्याचं पाणी स्वच्छ आहे, अशा माणसाला अँफोटेरिसिन लागतच नाही. फ्लुकोनाझोल पुरतं: रोज ८०० मिलिग्रॅम दोन आठवडे, मग ४०० आठ आठवडे, मग २००, सीडी४ वर येईपर्यंत. हे सगळं डॉक्टरच्या देखरेखीखाली, स्वतः मेडिकलमधून आणून नाही. स्वस्त गोळी आहे.

मणक्याच्या पाण्याबद्दल: पाय जात नाहीत. सुई जिथे घालतात तिथे मज्जारज्जू संपलेला असतो. या आजारात डोक्यातला दाब वाढतो, तो पाणी काढूनच उतरतो, म्हणजे ती तपासणीही आहे आणि उपचारही. 'नको' म्हणून सही करून घरी नेलेली माणसं वाचत नाहीत. हे कोणीतरी घरच्यांना शांतपणे, आपल्या बोलीत, तेलुगू-कन्नड बोलणाऱ्यांना त्यांच्या भाषेत समजावलं पाहिजे. तिथे आपण फार कमी पडतो.

आणि मेनिंजायटिस असलाच तरी २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना लायपोसोमलचा एकच मोठा डोस सांगते, सोबत चौदा दिवस फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनाझोलच्या गोळ्या. आफ्रिकेतल्या पाच देशांत हे करून पाहिलं, जुन्या पद्धतीपेक्षा कुठे कमी पडलं नाही, त्रासही कमी.

अजून एक, आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा मुद्दा. मेंदूत बुरशी असताना एचआयव्हीचं औषध लगेच सुरू केलं तर माणूस दगावण्याचा धोका वाढतो. चार ते सहा आठवडे थांबावं लागतं. आपण आल्या दिवशी गोळ्या हातात देतो. न तपासता देतो तेव्हा कोणाला काय देतोय हे आपल्यालाच कळत नसतं.

अक्कलकोट_नाका

शेवटचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. त्यावर विचार करतो.

सिद्धेश्वर_पेठ

मग सगळ्याच बुरशींची तपासणी करा ना, हिस्टोप्लाझ्मा वगैरे. आणि शहरातली कबुतरं हटवा, मुंबईत कबुतरखाने बंद केले तसे.

पट्टीवाला

नको. हिस्टोप्लाझ्माचे रुग्ण आपल्या देशात जास्त करून गंगेच्या खोऱ्यातून येतात, तालारोमायसिस हा बुरशीचाच आजार मणिपूरकडचा. तिकडून कामाला आलेला रुग्ण असेल तर डॉक्टरने विचार करावा, सरसकट नाही. न्यूमोसिस्टिस या फुफ्फुसातल्या बुरशीसाठी को-ट्रायमॉक्सॅझोलची गोळी आधीपासून देतातच. तोंडातला पांढरा थर बघायला टॉर्च पुरते. कबुतरांचं म्हणाल तर ती हटवून या रुग्णांचा सीडी४ वाढणार नाही.

नवीपेठेतली_सून

एक राहिलंच. नव्या तपासणीबरोबर नवी चिठ्ठी, नवा फोन, नवा प्रश्न येतो. विडी वळणाऱ्या बाईच्या घरी 'रिपोर्ट न्यायला या' असा फोन सासूने उचलला तर? एचआयव्हीच्या २०१७ च्या कायद्यात संमती आणि गुप्तता दोन्ही लिहिलंय, कागदावर. 'वेगळी चिठ्ठी नको' हे म्हणणं सोयीचं आहे, पण संमती गिळून टाकू नका. रक्त घेतानाच तिला सांगा की याच्यावर काय काय बघणार, आणि निकाल फक्त तिलाच. पाळी चुकलीय का तेही विचारा. पहिल्या तीन महिन्यांत फ्लुकोनाझोलचे मोठे डोस गर्भाला घातक.

सातरस्ता

मान्य. मागणीत घालतो: समुपदेशकाने रक्त घेण्याआधी सांगायचं, निकाल समक्ष द्यायचा.

अक्कलकोट_नाका

शंभरच्या खाली असेल तर माझा विरोध मागे. दोनशेला मात्र अजून नाही. जागतिक संघटनेचीही ठाम शिफारस शंभरच्या खालीच आहे, दोनशेला 'विचार करता येईल' इतकंच.

सातरस्ता

दोनशेचा आग्रह यासाठी की सीडी४ एकदा झाला की पुढचा कधी होईल याचा भरवसा नसतो. आज दीडशे असलेला गोळ्या सोडून गेला तर तीन महिन्यांत कुठे पोचेल? तरीही तुमची अट घालून शंभरपासून सुरुवात होत असेल तर निवेदनावर दोघांच्या सह्या करू. पट्टीवाले, महिन्याला साधारण किती पट्ट्या लागतील हा अंदाज तुम्हीच बांधून द्या, औषधांची यादी विडीघरकुल यांनी तपासावी.

विडीघरकुल

यादीत फ्लुसायटोसिन सगळ्यात वर लिहा. मग सही करते.