मदत हवी आहे: होडी ट्रेलरवर कशी बांधायची? (देवगड ते वेळणेश्वर)

नमस्कार मंडळी,

माझ्या मेहुण्याने देवगडला एक वापरलेली 16 फुटी फायबरची होडी घेतली आहे. ती पावसाळ्याआधी गुहागरजवळच्या वेळणेश्वरला त्याच्या मांगरात (शेडमधे) नेऊन ठेवायची आहे. 'पाण्यानेच का नाही नेत' हे कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. इंजिन बरेच महिने बंद पडून आहे, आणि मे सरत आला की वारा धरतो. अशा दिवसांत एवढ्याशा होडीने विजयदुर्ग, जयगड मागे टाकत जाणं मेहुण्याच्या आईला मान्य नाही. मलाही नाही.

गाडी बोलेरो कॅम्पर, मागे ट्रेलर जोडायचा 50 मिमीचा बॉल. ट्रेलर एका आसाचा आहे. मधे कण्याखाली रोलर, दोन्ही बाजूंना गालिचा ठोकलेल्या लांब फळ्या, पुढे विंच. होडी साधारण 350 किलो, मागे लटकवायचं 40 हॉर्सपॉवरचं इंजिन (आऊटबोर्ड) 75 किलो, ट्रेलर 220 किलो. बाकीचं सामान धरून 700च्या आत बसेल.

परवा अंगणात होडी चढवून पाहिली. विंचचा पट्टा नाळेच्या (होडीच्या पुढच्या टोकाच्या) कडीत अडकवून घट्ट ओढला. पुढून ती जागची हलत नाही. पण मागच्या कोपऱ्याला धरून उचललं की फळीपासून दोन बोटं वर येते आणि धप्पकन खाली बसते. ट्रेलर बनवणारा म्हणतो, विंच पुरे आहे, वजनाने होडी बसून राहते. शेजारचे काका म्हणतात, नायलॉनची दोरी घे आणि आरपार चार वेढे मार. मला दोन्ही पटत नाही. रस्त्यात खड्डे आहेत, स्पीडब्रेकर आहेत, आणि मागून दुचाकीवर लेकरंबाळं घेऊन माणसं येत असतात.

तर, पट्टे कुठून कुठे घ्यायचे? इंजिन लावलेलं राहू द्यावं का? आणि नांदगाववरून हायवेला लागून निवळीला वळायचं, जयगडला फेरीने तवसाळला उतरायचं, हे बरं की सरळ चिपळूणवरून गुहागर? ज्यांनी स्वतः होडी ओढून नेली आहे त्यांनी जरूर लिहा.

खाडीकाठ:

नमस्कार. तुमची शंका रास्त आहे. विंच होडी ट्रेलरवर चढवण्यासाठी असते, ती होडीला पुढे ओढून धरते. खाली दाबून धरणं तिचं काम नाही. खड्ड्यात ट्रेलर खाली गेला की होडी क्षणभर वरच राहते आणि मग आदळते. विंचच्या दात्यावर दर वेळी तोच झटका बसतो. म्हणून विंचशिवाय नाळेच्या कडीतून ट्रेलरच्या दांडीला एक वेगळी साखळी लावा. विंच सुटली तरी होडी मागे घसरणार नाही. त्याच कडीतून एक रॅचेट पट्टा (खटक्याने आवळायचा) खाली आणि थोडा मागे, ट्रेलरच्या चौकटीला. ब्रेक मारल्यावर नाळ पुढच्या रोलरवर चढायला बघते, ती या पट्ट्याने दबून राहते.

मागे दोन पट्टे, डावीकडे एक, उजवीकडे एक. होडीच्या मागच्या फळीला बाहेरून कड्या असतील तर तिथून सरळ खाली चौकटीला, जितके आखूड तितके चांगले. आपल्याकडच्या पुष्कळ होड्यांना या कड्या नसतातच. नसतील तर आरपार बोल्ट आणि आतून जाड पट्टी लावून बसवून घ्या. नुसत्या फायबरमधे स्क्रू मारून काही उपयोग नाही, उपटून येतो. तेवढा वेळ नसेल तर पट्टा होडीवरून आडवा टाका, पण आत जिथे बसायची फळी आहे तिथूनच. मधल्या पोकळ भागावर ताणलात तर काठाला तडा जाईल. काठाखाली जाड गोणपाट घाला.

नायलॉनच्या दोरीबद्दल काकांना समजावून सांगा. नायलॉन ताणावर लांबतं. नांगराला ते चांगलंच, झटका खातं. इथे मात्र पहिल्या पाच किलोमीटरमधे सैल पडेल. पॉलिस्टरचे रॅचेट पट्टे घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. उन्हात पडून भुरभुरीत झालेला किंवा कडेला कापलेला पट्टा वापरू नका. चौकटीच्या लोखंडी धारेवरून पट्टा जात असेल तर तिथे जुन्या पाइपचा तुकडा चिरून बसवा. आडव्या पट्ट्याला एक पीळ द्या, नाहीतर वाऱ्याने फडफडून सैल होतो. उरलेलं टोक बांधून टाका, चाकात जाता कामा नये.

हे सगळं झालं की तोच कोपरा पुन्हा उचलून पाहा. होडी उचलली तर ट्रेलरही सोबत उचलला गेला पाहिजे.

पागोळी:

वरचं सगळं बरोबर. पण माझ्या मते याहून आधी वजन बघा. बॉलवर एकूण वजनाच्या 5 ते 10 टक्के भार यायला हवा, म्हणजे तुमच्या बाबतीत साधारण 35 ते 70 किलो. आंब्याच्या पेट्या मोजायचा काटा असेलच कोणाकडे. त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून ट्रेलरचं तोंड बॉलच्या उंचीला टेकवा आणि आकडा वाचा. भार कमी पडला तर उतारावर वेग धरताच ट्रेलर मासळीच्या शेपटीसारखा हलायला लागतो, आणि मग पट्टे कितीही घट्ट असोत, गाडी आवरत नाही.

यातच इंजिनचा प्रश्न येतो. 75 किलो अगदी मागच्या टोकाला लटकलेले असतात. तिरकं उचलून ठेवलं तरी त्याची खिट्टी रस्त्याचे धक्के खाण्यासाठी बनवलेली नसते, मागची फळी हळूहळू खिळखिळी होते. तुमची गाडी कॅम्पर आहे, मागे हौदा आहे. इंजिन काढून त्यात गादीवर ठेवा. आधी उभं धरून पाणी पूर्ण निथळू द्या, आडवं ठेवताना वरचा भाग गिअरच्या बाजूपेक्षा उंच राहिला पाहिजे, नाहीतर उरलंसुरलं पाणी सिलिंडरमधे शिरतं. इंजिन काढल्यावर बॉलवरचा भार वाढतो, तेव्हा काट्यावर पुन्हा मोजा. जास्त आला तर होडी थोडी मागे सरकवा, विंचचा खांबही तेवढाच मागे घ्या.

होडीच्या तळाचं बूच काढून ठेवा. वळवाची एक सर आली तरी आत शे-दोनशे लिटर पाणी साठू शकतं, म्हणजे तेवढेच किलो.

जोडल्यावर एक चाचणी: बॉलवर कुलूप लावा आणि ट्रेलरचं पुढचं छोटं चाक फिरवून दांडी वर उचला. गाडीचा मागचा भाग सोबत वर आला तर जोड खरा बसला. मग ते चाक पूर्ण वर घ्या. दोन सुरक्षा साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेद देऊन लावा, जोड सुटला तरी दांडी रस्त्यात न रुतता साखळ्यांवर पडते.

रस्त्याचं म्हणाल तर पहिल्या खेपेला मी चिपळूणवरूनच जाईन. फेरीत काही वाईट नाही, पण ओहोटीला धक्क्याचा उतार खडा होतो आणि ट्रेलरचं शेपूट किंवा दांडी खाली घासते. फेरीनेच जायचं असेल तर भरतीची वेळ धरा, ट्रेलरसकट लांबी तिकडे आधी कळवा, आणि चढल्यावर चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्याने मात्र जाऊ नका, वळणं आणि चढ पाहता ओझं ओढायला तो रस्ता नाही.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. कड्या आरपार बोल्टने बसवून घेतो, इंजिन हौद्यात, आणि चिपळूणमार्गे. वाटेत किती वेळा थांबून तपासावं?

खाडीकाठ:

निघाल्यावर पाच-दहा किलोमीटरवर पहिला थांबा नक्की. होडी रोलरवर बसते, पट्टे थोडे ढिले होतातच, ते पुन्हा आवळा. त्यानंतर चहाला थांबाल तेव्हा तेव्हा. पट्टे पाहताना चाकाच्या मधल्या भागालाही (हबला) हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर बेअरिंग कोरडं आहे, तिथेच थांबा. हा ट्रेलर आधी खाऱ्या पाण्यात उतरलेला असेल तर निघण्यापूर्वीच बेअरिंग उघडून ग्रीस बदलून घ्या. जादा चाक आणि त्याच्या नटाचा पाना सोबत हवा, गाडीचा पाना ट्रेलरला बसेलच असं नाही. मागे ब्रेकचे आणि वळायचे दिवे चालू आहेत का ते कोणाला तरी उभं करून पाहा. ट्रेलरची नोंदणी आणि होडीचे कागदही जवळ ठेवा. राज्यात यांत्रिक नौकांची मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते, त्याच्या आसपास सगळेच होड्या वर काढतात, वेल्डिंगवाल्याकडे गर्दी होते. कड्यांचं काम याच आठवड्यात उरका.